बाबा, कोर्टात काय असतं ते बघून आले

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर बाबांना निम्मं ऐकू आलं नसतं आणि उरलेलं निम्मं आईने मधेच तोडलं असतं, म्हणून सरळ लिहूनच पाठवते. मोठं होणारे. बाबा स्वतः वाचणार असाल तर फोनवर अक्षर मोठं करून घ्या, नाहीतर आई तू रात्री जेवणं झाल्यावर वाचून दाखव, पण मधेमधे स्वतःचं घालू नकोस.

समन्स आल्यापासून तुमची झोप उडालीय हे मला आईने सांगितलंय, तुम्ही नाही सांगितलंत. बेलिफ दारात आला, सही घेऊन गेला, आणि वाईच्या आपल्या आळीत संध्याकाळपर्यंत बातमी झाली की यांच्यावर केस झालीय. तर पहिली गोष्ट, तुमच्यावर काहीही झालेलं नाही. हा दिवाणी दावा आहे, फौजदारी नाही. यात पोलीस नाहीत, आरोपी नाही, अटक नाही. पुण्यात आपल्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांच्या मुलामुलींचं, त्यांच्या मृत्युपत्रावरून, आपसातलं भांडण आहे आणि तुम्ही त्यात ना वादी ना प्रतिवादी, फक्त साक्षीदार. समन्सवर वर जो स्पे. मु. नं. छापलाय तो दाव्याचा नंबर. तो मी ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकून बघितला तर सगळं दिसतं, कुठल्या कोर्टात आहे, मागच्या तारखांना काय झालं, पुढची तारीख कधी, दावा कुठल्या टप्प्यावर आहे. आता पुराव्याच्या टप्प्यावर आहे, म्हणून तुम्हाला बोलावलंय. आळीत कुणी विचारलं तर एवढंच सांगा की एका मृत्युपत्रावर सही केली होती, ती माझीच आहे हे सांगायला चाललोय.

आणि मामा जे म्हणतोय ना की वयाचं कारण सांगून दुर्लक्ष करा, काही होत नाही, ते ऐकू नका. समन्स मिळूनही गेलं नाही तर कोर्ट वॉरंट काढू शकतं, मग तो बेलिफ पुन्हा येईल आणि आळीला अजून मोठी बातमी मिळेल. मामाला सल्ले द्यायला काय जातंय.

आता तुमचा खरा प्रश्न, मलाच का. तर मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात, हे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात आहे. आणि पुढे कोर्टात ते मृत्युपत्र शाबित करायचं तर त्या दोघांतला निदान एक तरी, हयात असेल तर, कोर्टात येऊन सांगावा लागतो. हा नियम १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यात होता आणि जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही तो तसाच आहे. काकांच्या कागदावर दोघांच्या सह्या, तुमची आणि डॉक्टरांची. डॉक्टर गेले. म्हणजे उरलात तुम्ही एकटे. काकांच्या धाकट्या मुलीने तुम्हाला मुद्दाम अडकवलं वगैरे काही नाहीये, तिच्या वकिलाला दुसरा इलाजच नव्हता.

तुम्ही सारखं म्हणताय की आत काय लिहिलं होतं ते मी वाचलंसुद्धा नाही, मग मी काय सांगणार. अहो बाबा, साक्षीदाराला आतला मजकूर माहीत असावाच लागत नाही. फ्लॅट कुणाला दिला, दुकानाचा गाळा कुणाला दिला, हे बरोबर की चूक, याच्याशी तुमचा संबंध नाही. काकांनी तुमच्यादेखत सही केली का, तुम्ही त्यांच्यादेखत सही केली का, आणि त्या वेळी ते शुद्धीत, समजून उमजून बोलत होते का, मुख्य म्हणजे एवढंच विचारणार. त्या दिवशी काकांकडून वर येऊन तुम्ही आम्हाला जे सांगितलं होतंत ते मला अजून आठवतंय, पण ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला जे आठवतं ते तुमचंच राहू दे, माझं त्यात मिसळायला नको. समोरचा वकील विचारू शकतो की साक्षीबद्दल घरी कुणाशी बोललात का, तेव्हा खुशाल सांगा की मुलगी कोर्ट बघून आली आणि तिथे कसं असतं ते तिने लिहून पाठवलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तर मी गेले शिवाजीनगर कोर्टात. ऑफिसमधून हाफ डे टाकला. मला वाटलं होतं गेटवर विचारतील कुणाकडे, काय काम, पास दाखवा, पण असं काही लागतच नाही, कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. काही नाजूक केसेस बंद दाराआड चालतात त्या सोडल्या तर कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतं, हे कायद्यातच आहे. इतकी वर्षं त्या भिंतीवरून जात होतो आपण, कामगार पुतळ्याकडून वळताना, आणि आत एकदाही गेलो नाही, कारण तुमचं ठरलेलं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पायरी चढायला लागत नाही बाबा, लिफ्ट आहे.

आवारात शिरलं की दगडी जुनी इमारत, झाडं, आणि जिकडे तिकडे माणसं उभी. काळे कोट तर असंख्य. नोटरीवाले, टायपिंगवाले, स्टँपवाले, चहा, झेरॉक्स. फाइल पोटाशी धरून एखाद्या काका-काकूंची जोडी वकिलाला शोधत फिरतेय, वकील फोनवर सांगतोय आलोच दोन मिनिटांत. एकजण जमिनीवर बसून डबा खात होता, बाजूला त्याची बायको कागद लावत होती, आणि दोघं अगदी निवांत होते, रोजचं असल्यासारखं. मला वाटलं होतं गंभीर, घाबरवणारं काहीतरी असेल. तसं काही नाही, तिथे मुख्य काम म्हणजे थांबणं. नव्वद टक्के लोक थांबलेलेच दिसतात.

दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कामं त्याच आवारात चालतात, त्यामुळे एखादा आरोपी पोलिसांबरोबर जाताना दिसेल, आईने घाबरून माझा हात धरायचा नाही. जिल्ह्याचे मुख्य न्यायाधीश तेच दिवाणीला जिल्हा न्यायाधीश आणि फौजदारीला सत्र न्यायाधीश, म्हणून पाटीवर जिल्हा व सत्र न्यायालय असं लिहिलेलं असतं. त्यांच्या खाली दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर आणि कनिष्ठ स्तर. आपला दावा वरिष्ठ स्तरकडे आहे. तुम्ही पेपरात वाचून विचारत होतात ना की आता कोल्हापूरला बेंच झालं तर मला कोल्हापूरला जावं लागेल का, तर नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला जे सुरू झालंय ते हायकोर्टाचं सर्किट बेंच, साताऱ्याची हायकोर्टाची कामं तिकडे गेली. आपलं प्रकरण हायकोर्टाच्या आसपासही नाही आणि मिळकत पुण्यात म्हणून दावा पुण्यात.

कोर्टरूमच्या बाहेर भिंतीवर दिवसाचा बोर्ड लावलेला असतो, म्हणजे आज कुठली कुठली प्रकरणं आहेत त्याची यादी. अकराला कोर्ट बसतं, दुपारी जेवणाची सुट्टी, मग पुन्हा. मी मागच्या बाकावर जाऊन बसले, फोन सायलेंट केला (हे महत्त्वाचं, तुमच्या फोनची ती भजनाची रिंगटोन आदल्या दिवशीच बंद करून ठेवा), आणि बघत राहिले. समोर उंचावर न्यायाधीश, त्यांच्या खाली बेंच क्लार्क फायलींच्या ढिगात, बाजूला कॉम्प्युटरवर स्टेनो, मधे वकिलांचं टेबल. तुमच्या डोक्यातले न्यायाधीश पांढऱ्या केसांचे, हातोडा आपटणारे. इथे होत्या त्या माझ्यापेक्षा लहान वाटणाऱ्या मॅडम, हातोडा नाही, आणि शांतपणे पण भराभर काम काढत होत्या. पहिला तासभर तर नुसत्या तारखाच. शिपाई दारात जाऊन पुकारा करतो, वकील उभे राहतात, दोन वाक्यं होतात, पुढची तारीख, पुढचा पुकारा. देशभरात खालच्या कोर्टांमध्ये चार कोटींहून जास्त केसेस पडून आहेत असं आपण वाचतो, तो आकडा म्हणजे काय ते त्या तासाभरात कळलं. कायद्यात खरं तर लिहिलंय की एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये. लिहिलंय.

मग एका साक्षीदाराला बोलावलं. एक आजी, नऊवारी, वय तुमच्याएवढं तरी असेल, विहिरीतल्या हिश्श्याचा काहीतरी वाद. पिंजरा पिंजरा म्हणून तुम्ही ज्याला घाबरता तो म्हणजे कमरेएवढा लाकडी कठडा, बस. मॅडमनी बघितलं आणि शिपायाला खुर्ची द्यायला सांगितली. तुमच्या गुडघ्याचं आपण आधी सांगूच, बसून साक्ष देता येते. शपथ असते, पण गीतेवर हात वगैरे सिनेमात. ईश्वराची शपथ घ्या नाहीतर गांभीर्याने प्रतिज्ञा करा, दोन्ही चालतं. आजींनी देवाची घेतली आणि वर हात पण जोडले, कुणाला, ते कळलं नाही.

पहिला भाग असतो सरतपास, म्हणजे ज्याने बोलावलं त्याच्या बाजूने तुमचं म्हणणं. तो हल्ली बहुतेक वेळा आधीच प्रतिज्ञापत्रावर लिहून दाखल करतात. धाकटीचे वकील तुम्हाला तो कागद देतील तेव्हा एकेक ओळ वाचा, घाई करू नका, आणि तुम्ही डोळ्यांनी न बघितलेलं एक वाक्य जरी त्यात घुसवलेलं असलं तर ते काढा म्हणून सांगा, ते कितीही चांगले वाटत असले तरी. पाटबंधारे खात्यात मोजमापाच्या वहीवर न तपासता सही करणाऱ्या ज्युनिअरांना तुम्ही कसे झापायचात ते आठवा.

दुसरा भाग उलटतपास, आणि त्याच्यासाठीच खरं तर मी हे सगळं लिहितेय. समोरचा वकील आजींना विचारत होता, विहीर कधी खोदली, तेव्हा तुम्ही कुठे होतात, पाण्याची पाळी कुणाची. मग म्हणाला, तुम्हाला नीट आठवत नाही असं माझं म्हणणं आहे. आजी म्हणाल्या आठवतं. तो म्हणाला, तुम्ही पुतण्याच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देताय असं माझं म्हणणं आहे. आजींनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "म्हण की, तुला कोण अडवतंय." सगळं कोर्ट हसलं, मॅडमसुद्धा. आणि मग मॅडमनी सावकाश स्टेनोला सांगितलं, हे म्हणणे खरे नाही की मी पुतण्याच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे. टाइप झालं. उलटतपास संपला. आजी उठल्या. बाहेर आल्यावर तोच वकील त्यांना म्हणाला, जपून जा आजी, पुढे पायरी आहे.

बाबा हे नीट लक्षात घ्या. तुम्हाला कुणी खोटारडा म्हटलेलं आयुष्यात सहन झालं नाहीये, आणि तिथे शंभर टक्के म्हणणार. काका शुद्धीत नव्हते, तुम्ही तिथे नव्हतातच, तुम्ही नंतर सही केलीत, तुम्हाला धाकटीने पैसे दिले, असलं काहीही. ते त्या वकिलाचं वैयक्तिक मत नसतं. त्याच्या पक्षकाराची बाजू साक्षीदाराच्या तोंडावर मांडून ठेवावीच लागते, नाहीतर नंतर वरचं कोर्ट विचारतं की हे तुम्ही साक्षीदाराला विचारलंच नाही मग आता कसं म्हणता. म्हणून जवळपास प्रत्येक उलटतपासाचा शेवट त्याच वाक्याने होतो, खोटी साक्ष देतोय. तिथे आवाज चढवायचा नाही, काठी आपटायची नाही, तीस वर्षांच्या नोकरीचा पाढा वाचायचा नाही. "खरं नाही" एवढं म्हणायचं आणि गप्प. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं, त्यात कमीपणा नाही, उलट सगळंच आठवणाऱ्या माणसावर जास्त संशय येतो असं मला तरी तिथे बसून वाटलं. प्रश्न ऐकू आला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, अंदाजाने उत्तर देऊ नका, तुम्ही फोनवर करता तसं. "हो हो, बरं बरं" तिथे चालणार नाही.

सगळं मराठीत असतं, ती पण तुमची एक काळजी होती. १९९८ सालीच सरकारने जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी ठरवली. वकील मधेमधे इंग्रजी फेकतात, पण तुमचं उत्तर तुम्ही मराठीत द्यायचं, ते मराठीत टाइप होतं, तुम्हाला वाचायला मिळतं आणि मग सही. काही चुकीचं लागलं असेल तर सहीच्या आधीच सांगायचं. न्यायाधीशांना साहेब किंवा मॅडम म्हटलं की पुरे, माय लॉर्ड वगैरे नको, प्लीज.

अजून एक. तुम्हाला यायला अगदी झेपणारच नसेल तर कोर्टाला अर्ज करता येतो. आजारी किंवा थकलेल्या साक्षीदाराकडे कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस, पाठवून घरीच साक्ष नोंदवतात, परवानगी मिळाली तर व्हिडिओ कॉन्फरन्सवरून पण होते. आईला हे वाचून हायसं वाटेल आणि ती म्हणेल तसंच करा. मला विचाराल तर यावं. घरी कमिशनर आले की दोन्ही बाजूंचे वकील पण येणार, चहापाणी, शेजारी डोकावणार, आणि ते संपल्यावरसुद्धा ती खुर्ची आपल्याच हॉलमध्ये राहणार. त्यापेक्षा तिथे जाऊन, सांगून, विषय तिथेच ठेवून आलेलं बरं. पण गुडघा तुमचा आहे, ठरवा तुम्ही.

काकूंचं काय, हे आईने तीनदा विचारलं. काकू असतील बहुतेक. काकांचा मुलगा दादा आणि धाकटी पण असतील, एकाच व्हरांड्यात, दोन टोकांना. गणपतीत ज्यांच्याकडे आपण मोदक न्यायचो ती माणसं आता एकमेकांकडे बघत नाहीत, हे तुम्हाला डोळ्यांनी बघायला लागणार आहे, आणि त्याच्यावर माझ्याकडे उपाय नाही. नमस्कार दोघांना करा. दादा तोंड फिरवेल कदाचित. आई, तू काकूंजवळ जाऊन बस, त्यांना कुणी विचारतंय की नाही कोण जाणे, पण दाव्याबद्दल चकार शब्द नको, ना त्यांच्याशी ना धाकटीशी. बाबांना पुकारा होईपर्यंत बाहेरच थांबावं लागेल, दुसऱ्या कुणाची साक्ष चालू असेल तर ती ऐकत आत बसता येत नाही. आणि उलटतपास अर्धा राहून दुसऱ्या दिवसावर गेला तर मधल्या वेळात त्याबद्दल कुणाशीच बोलायचं नाही, माझ्याशी पण नाही, आईशी पण नाही. आई, हे तुला जास्त जड जाणारे.

तारीख पुढे पण जाऊ शकते बरं का, साहेब रजेवर असतील, समोरचे वकील मुदत मागतील. साक्षीदार हजर असेल तर सहसा परत पाठवू नये असं आहे, पण मनाची तयारी ठेवा. येण्याजाण्याचा साक्षीदाराचा भत्ता बोलावणाऱ्याने कोर्टात भरायचा असतो, तो घ्या, लाजू नका, तुम्ही काही उपकार मागत नाही आहात.

येताना एसटीने स्वारगेट, तिथून रिक्षा अजिबात करू नका. स्वारगेटला खालीच मेट्रो आहे, मंडई, कसबा पेठ आणि तिसरं स्टेशन जिल्हा न्यायालय, दहा मिनिटांच्या आत. हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालाय, तुम्ही बघितलेला नाही. बाबा, ते स्टेशन जमिनीखाली जवळजवळ ३३ मीटर आहे आणि तरी छतातून ऊन खाली येतं, तुम्ही तिथेच अर्धा तास खोदाईचा विचार करत उभे राहणार हे मला माहितीय, म्हणून लवकरची गाडी धरा. आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला आलात तर सगळ्यात उत्तम, मी सोफ्यावर झोपेन.

बरोबर समन्सची मूळ प्रत, आधार कार्ड, वाचायचा चष्मा, कानाच्या मशीनचे जास्तीचे सेल, दुपारची गोळी. आई, डबा तू करू नकोस, मी आणते, तू फक्त तुझी ती छोटी उशी घे, बाकं लाकडी आहेत. कुठली गाडी धरताय ते परवापर्यंत कळवा म्हणजे मला सुट्टी टाकता येईल. आणि मामाला हे पत्र फॉरवर्ड करू नका.

तुमची,
मनू